मायरा बर्फात पडते तेव्हा

सुट्टीतल्या प्रेमकथांमध्ये कुणालाच शेण काढावं लागत नाही. मी अशा कथा ढिगानं वाचल्यात, त्यामुळे हे मी अगदी छातीठोकपणे सांगू शकते. कॉलेजातली आरोही मला त्या मोबाईलवर पाठवायची. मुलगी सुट्टीला डोंगरात जाते, तिथं एक मुलगा असतो, त्याचे केस कपाळावर येतात, बाहेर कडाक्याची थंडी असते आणि दोघं कॉफी पितात. त्या घरच्या म्हशीची धार कोण काढतं, ते शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या पिंपळवंडीच्या मळ्यात दिवाळीची सुट्टी लागली की आई हातात खराटा देते. थंडी आमच्याकडेही पडते, पण तिचं कौतुक फक्त कांद्याला. तरी मी वाचायचे. नाकं मुरडत वाचायचे आणि संपली की परत पहिल्यापासून वाचायचे.

त्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट मायराची. नाताळच्या सुट्टीत ती एकटीच मनालीला जाते आणि तिला विहान भेटतो. आमच्या शिवारात ना कुणी मायरा ना कुणी विहान. एकदा मी आईला थोडी वाचून दाखवली, तर ती म्हणाली, “ह्या पोरीला घरी कामं न्हाईत का?” त्यानंतर मी कुणाला काही वाचून दाखवायच्या फंदात पडले नाही.

पण वाचून दाखवावं लागलंच, आणि तेही अख्ख्या वस्तीला. त्याला कारण झाला वाघ.

बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. आमच्या घरासमोर कांद्याचं वावर, कांद्यापलीकडे विहीर, आणि विहिरीला लागून ऊस सुरू होतो तो थेट नदीपर्यंत. त्या उसात वाघ राहतो, हे आम्हाला शेजारी राहावं तसं माहीत असतं. घरामागे माझ्या आजोबांची, राघूआबांची, मेंढरं असतात. पूर्वी आमची माणसं कळप घेऊन कोकणापर्यंत हिंडायची. आता सगळे शेती करतात, पण आबांनी वीस-पंचवीस मेंढरं काही सोडली नाहीत. संध्याकाळी ती वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडायची आणि शेजारी खाट टाकून आबांनी निजायचं, असं चालायचं.

वाघ येऊ नये म्हणून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला आम्ही स्पीकर टांगून ठेवायचो. आधी त्यावर सिनेमातली गाणी लावायचो. पण दसऱ्याच्या सुमारास वाघ गाणं चालू असतानाच आला आणि हनुमंतकाकांचा कुत्रा मोत्या घेऊन गेला. हनुमंतकाका म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ, त्यांचं घर आमच्या शेजारीच. ते म्हणाले, “गान्याला सरावलाय त्यो. मानसाचं बोलनं पायजे. सलग, न थांबता.” मग पप्पा माझ्याकडे वळले. “तू लई वाचती ना? वाच मंग मोबाईलमदी. कार्डात भरून लावू.”

मी आधी अर्थशास्त्राचा धडा वाचायला घेतला. मागणीचा नियम येईपर्यंत मलाच जांभया यायला लागल्या. मग मी आतल्या खोलीत दार लावून बसले आणि मायरा वाचली. ऐकणार कोण, तर वाघ, असं मला वाटलं. त्यामुळे मी कसलीही कंजुषी केली नाही. मायरा बसमधून उतरते तिथं मी दमल्यासारखी वाचले, दोघं कॉफी पितात तिथं लाजत वाचले, आणि ती वाट चुकून बर्फात पडते तिथं जीव तोडून ओरडले, “कुणी आहे का? मला वाचवा! कुणी आहे का इथं?” विहान हात पुढे करतो तोवर मोबाईलमधली जागा संपली. पुढचं राहिलंच.

पहिल्या संध्याकाळी ती हाक उसावरून आली आणि सगळी वस्ती काठ्या-कोयते घेऊन धावली. हनुमंतकाका पाटात पडले. विहिरीपाशी जाऊन बघतात तर स्पीकरमधून माझा आवाज, विहानचा उबदार हात वगैरे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पप्पांचं तोंड लाल झालं होतं, पण त्या रात्री वाघ आला नाही, म्हणून कार्ड राहिलं. आबा मात्र गोष्ट सुरू झाली की घोंगडं डोक्यावरून ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, “काय किरकिर लावलीया.” मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटायची.

पुढे सगळ्यांना सवय झाली. दिवेलागणीला मायरा बसमधून उतरायची आणि भाकरीच्या वेळेला बर्फात पडायची. हनुमंतकाकांच्या उज्ज्वलाकाकू तर घड्याळ बघेनाशाच झाल्या. हाक आली की अंगणातून सुनेला ओरडायच्या, “पडली गं बया! तवा ठेव!”

त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. पप्पा टोमॅटो घेऊन नारायणगावला गेलेले. माझा मोबाईल दुपारीच मेला होता आणि मी ओसरीवर लसूण सोलत बसले होते. अंधारून यायला लागलं तसं आईनं गोठ्यातून विचारलं, “आगं, तुजं ते पुरान लावलं का न्हाई आज कुनी?”

कुणीच लावलं नव्हतं. आई म्हशीखाली बसलेली, म्हणून मी निघाले. दाराच्या खुंटीला आईचा पट्टा होता, बाहेरून खिळे लावलेला. वाघ मानेला धरतो म्हणून आमच्या भागात बाया शेतात जाताना तो गळ्यात घालतात. मला तो घातला की कुत्र्यासारखं वाटतं. आणि जायचं कुठं, तर समोर विहिरीवर. मी पट्टा घेतला नाही.

कांद्याच्या बांधावरून मी गेले, स्पीकरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. परत दाबलं, वरून एक चापट मारली. सकाळपासून लाईट नाही म्हटल्यावर तो तरी कुठून चार्ज होणार? मी चरफडत मागे वळले.

मी आले त्या बांधावर मोत्या बसला होता. मला बरंच वाटलं, सोबत झाली म्हणून. मी त्याला हाक मारणार तेवढ्यात आठवलं, की मोत्याला दसऱ्यालाच नेलंय.

ते बांधावर बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मी आणि आमचं घर, यांच्या बरोबर मध्ये ते होतं. मागे मोटारीची खोली, तिला कुलूप, किल्ली घरात. डावीकडे विहीर, उजवीकडे ऊस. भीती म्हणजे छातीत धडधडतं असं मी वाचलं होतं. माझं काहीच धडधडलं नाही. मला माझे पायच कळेनात. ते आहेत का नाहीत, ते बघायला खाली मान घालायचंही धाडस होत नव्हतं.

मग मी ओरडले. “कुणी आहे का? मला वाचवा! कुणी आहे का इथं?”

मी पिंपळवंडीची पोर. आमच्यात असं कुणी ओरडत नाही. आमच्यात ‘आयो, मेले!’ म्हणतात, नाहीतर नुसतंच बोंबलतात. पण सुट्टीभर तेच वाचलं होतं, रोज तेच ऐकलं होतं, आणि त्या क्षणी दुसरे शब्दच माझ्याकडे नव्हते.

कांद्याच्या पलीकडून उज्ज्वलाकाकूंचा आवाज आला, अगदी स्पष्ट. “पडली गं बया! तवा ठेव!” पाठोपाठ त्यांची सून हसल्याचाही आवाज आला.

त्यांना तो स्पीकरच वाटला, ते मला तेव्हा समजलं. “आई! आई, मी आहे!” असं मी किंचाळले, पण आवाज असा चिरकला की ते शब्द होते का नव्हते कुणास ठाऊक. आणि मी किंचाळल्याबरोबर वाघ उठला. बांधावरून खाली उतरला, पोट जमिनीला लावून दोन पावलं पुढे आला. मी गप्प झाले. गप्प झाले तरी तो आलाच, आणखी एक पाऊल.

हनुमंतकाकांचं बोलणं आठवलं. सलग, न थांबता. मी तोंड उघडलं आणि जे पाठ होतं ते बाहेर आलं.

“बस थांबली तेव्हा मनालीत अंधार पडला होता. मायरानं खिडकीतून बाहेर पाहिलं.”

वाघ थांबला.

“रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता. तिनं आपली बॅग उचलली आणि ती खाली उतरली.”

तो बसला. मांजरीसारखा पुढचे पाय जवळ घेऊन बसला आणि ऐकत राहिला. मी पुढे सांगत गेले. दात वाजत होते, शब्द तुटत होते, पण सांगत गेले. श्वास घ्यायला थांबले की त्याचे कान पुढे व्हायचे, म्हणून मी श्वासही शब्दांच्या मधेच घ्यायला लागले.

आणि सांगता सांगता दुसरी भीती चढली, पहिलीपेक्षा वाईट. मी बोलत होते म्हणून वाघ थांबला होता. पण मी बोलत होते म्हणून घरून कुणी येणारही नव्हतं. आईला वाटत असणार, लावला पोरीनं स्पीकर, कार्ड मधूनच सुरू झालं असंल. वाघ येऊ नये म्हणून जे केलं होतं, त्यानंच आता माणसं येत नव्हती. ओरडले तर हा उठेल. गप्प बसले तरी उठेल. आणि गोष्ट तरी किती पुरणार? माझा घसा आत्ताच कोरडा पडला होता. आई आधी धार काढील, मग दूध गाळील, मग चूल पेटवील, मग कधीतरी म्हणेल, अजून कशी आली नाही पोरगी. मी इथंच मरणार, मायराच्या आवाजात, असं मला वाटलं. मला मरायचं नव्हतं. मला घरी जाऊन लसूण सोलायचा होता.

मी कॉफीपाशी आले. आणि मला जे सुचलं ते मी केलं. वाचायचाच सूर ठेवला, आणि त्याच सुरात मोठ्यानं बोलले.

“विहाननं दोन कप टेबलावर ठेवले. कॉफी गरम होती. आई, स्पीकर बंद आहे. मायराचं खरं नाव प्रांजल होतं. ती गोरक्षची मुलगी होती. ती विहिरीवर होती. तिच्यासमोर वाघ बसला होता. विहान हसला. त्याचे केस कपाळावर आले होते. आई, बॅटरी घेऊन ये. सगळे या. मायरानं कप ओठांना लावला.”

काकूंच्या घरून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कोण कशाला नीट ऐकतंय? रोजचीच गोष्ट. मी परत तेच म्हटलं. परत म्हटलं. वाघानं एकदा जांभई दिली, आणि त्याच्या तोंडात जे दिसलं ते मला अजून डोळे मिटले की दिसतं. माझी सलवार भिजली होती, ते मला नंतर कळलं.

माझा आवाज बसायला लागला. एक शब्द आला, दुसरा आलाच नाही. ओठ हलत होते नुसते. वाघाचे कान पुढे झाले. तो उठला.

तेवढ्यात कांद्यातून आबांची आरोळी आली. मेंढरामागे जन्म घालवलेल्या माणसाची आरोळी, “हाऽऽ हाऽऽ हुर्रर्र!” आणि पाठोपाठ घमेलं बडवल्याचा दणका. बॅटरीचा झोत वावरावरून हलत आला. आबा बांधानं आले नव्हते, सरळ कांदा तुडवत आले होते, लंगडत, एका हातात काठी. त्यांच्या मागे आई घमेल्यावर विळा आपटत होती आणि तिच्या मागे हनुमंतकाका. वाघानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही घाई नसल्यासारखा उसात गेला. पाती थोडी हलली आणि मिटली.

आईनं मला आधी पाठीत दोन धपाटे घातले आणि मग असं धरलं की मला श्वास घेता येईना. “मला वाटलं कार्ड लागलं गं,” ती सारखी म्हणत होती. “मला वाटलं कार्ड लागलं.” घमेलं तिच्या हातातून सुटून कांद्यात पडलं होतं.

आबा काठीवर रेलून उभे होते. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या बॅटरीचा उजेड सगळीकडे नाचत होता. “मी म्हनलं हिला,” ते आईकडे मान करून धापा टाकत म्हणाले, “पोरगी खरी वरडती. तर म्हनती, आबा, निजा गुमान.”

“पर तुमाला कसं कळलं आबा?” हनुमंतकाकांनी विचारलं. “रोजचंच तर वरडनं व्हतं.”

आबा त्यांच्यावर खेकसले. “रोजचं कुठलं? आदी यष्टीतून उतरती, मंग काफी पिती, मंग पडती. कवाबी लावा, यष्टीपासनंच सुरू व्हतं ते. आज उतरायच्या आदीच पडली? उतरल्याबिगर बर्फात पडती व्हय कुनी?” त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावरून बाजूला केली. “आन् मंग काफी पिताना वाघ आला म्हनली. त्यात वाघ न्हाईच कुठं.”

घोंगड्याखाली आबा रोज शब्द न् शब्द ऐकत होते. मला रडू फुटलं ते तेव्हा, वाघासमोर नाही.

त्या रात्री मला ताप भरला. सकाळी घशातून आवाज निघेना. दिवसभर मी गोधडीत होते आणि कुणी दार जरी वाजवलं तरी दचकत होते. दुपारी लाईट आली. नारायणगावहून परतलेल्या पप्पांनी स्पीकर घरी आणून चार्ज केला आणि संध्याकाळी नीट लागतोय का ते बघायला बटण दाबलं. “बस थांबली तेव्हा मनालीत अंधार पडला होता,” मी म्हणाले, म्हणजे स्पीकर म्हणाला. मी दोन्ही कान दाबून धरले आणि भिंतीला चिकटले. ती हाक आता येणार, आणि पलीकडून काकू म्हणणार, पडली गं बया. मला ते ऐकवणार नव्हतं. आवाज नव्हता, तरी मी ओरडत होते.

पप्पांनी घाईघाईनं बटण बंद केलं. मग ते तिथंच घुटमळले. “पर मेंढरांचं काय करायचं?” ते आईला म्हणाले. “ऊस तर समोरच हाय. गप ऱ्हावून कसं भागंल?”

“ठिव ते यंतर खाली,” आबा ओसरीवरून म्हणाले. “माजं तोंड काय शिवलंय का?”

त्यांनी खाट ओढत ओढत अंगणाच्या कडेला, उसाकडे तोंड करून नेली. काठी आडवी मांडीवर घेतली, घोंगडं खांद्यावर टाकलं, खाकरले, आणि डोंगराच्या या कड्यावरून त्या कड्यावरच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात सुरू झाले.

“तर ती मायरा यष्टीतून उतरली! लई थंडी! अंगावर घोंगडं न्हाई, काय न्हाई. आईबापानं एकलीला कसं धाडलं, त्यांनाच ठावं!”

मी कानांवरचे हात काढले. पलीकडे काकूंच्या घरातला खडखडाट थांबला.

“मंग त्या विहाननं तिला काफी पाजली. पोरगा चांगला व्हता, पर केस वाढल्याले. त्याच्या घरी मेंढरं व्हती पन्नास.”

“मेंढरं कवा व्हती आबा?” काकूंनी अंगणातून विचारलं. “आमी न्हाई ऐकली.”

“तुमी ऐकता कुठं? व्हती. बर्फात मेंढरांबिगर कशावर जगत्याली मानसं?” आबा पुढे निघाले. त्यांनी बर्फ आणला, वाट चुकवली, अंधार पाडला. मला कळत होतं आता काय येणार. मी गोधडीत डोकं खुपसलं आणि आईचा हात घट्ट धरला.

“आन् पोरगी पडली,” आबा म्हणाले. “पडली आन् वरडली.”

आबा थांबले. ऊस सळसळला तेवढाच आवाज.

“मंग?” काकूंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. “आला का विहान?”

“एकल्या विहानच्या भरवशावर कोन ऱ्हातंय?” आबा गरजले. “तिथं बी वस्ती हायच की! पयल्या हाकंला समदी आली. काठ्या घिऊन आली, बत्त्या घिऊन आली. खरी वरडली का खोटी वरडली, कुनी इचारलं न्हाई. बाया तवा तसाच चुलीवर टाकून आल्या.”

आबांनी काठी जमिनीवर आपटली आणि उसाकडे बघत, आणखी मोठ्यानं, तेच परत सांगितलं.

“पयल्या हाकंला!”